गाडीच्या एसीचं तीन वर्षांचं रडगाणं आणि कामठी रोडचे एसीवाले चाचा

दुकानाला बोर्ड नाहीये हे आधीच सांगते, नाहीतर माझ्यासारखे दोन चकरा माराल. कामठी रोडने इंदोरा चौक मागे टाकला की पुढे आतल्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे, समोर कडुनिंब, कडुनिंबाला खिळे ठोकून जुने कंडेन्सर टांगलेत, वाळत घातलेल्या चादरींसारखे. तेच दुकान. सगळे चाचा म्हणतात म्हणून मीपण चाचाच म्हणते. आणि गंमत म्हणजे हा माणूस अख्ख्या नागपूरच्या गाड्या थंड करतो पण त्याच्या स्वतःच्या शेडमध्ये एसी नाही, ताट्यावाला लोखंडी कूलर आहे जो बसणाऱ्याच्या पाठीवर पाणी उडवतो.

काम ३० मे २०२४ ला केलं होतं. रिव्ह्यू मुद्दाम वर्षभराने लिहितेय, कारण एसीचं काम करून दुसऱ्याच दिवशी पाच स्टार देणारे लोक मी बघितलेत, मीच त्यातली होते. एसीच्या कामाची परीक्षा पुढच्या एप्रिलात होते. आता २०२५ चा अख्खा उन्हाळा निघाला, तेव्हा बोलायला हरकत नाही.

आमची गाडी सात सीटर, डिझेल, २०१७ ची. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण सांगायचंय ते गाडीबद्दल नाहीच, एसीवाल्यांबद्दल आहे. मागच्या दोन्ही रांगांसाठी छताला वेगळा एसी आहे. घरात आई-बाबा (म्हणजे माझे सासू-सासरे), दोन पोरं, मी, नवरा पुण्याला नोकरीला त्यामुळे शनिवार-रविवारचा पाहुणा. गाडी मीच चालवते, सर्व्हिसिंगला मीच नेते. हे सांगायचं कारण म्हणजे सर्व्हिस सेंटरला दरवेळी पहिला प्रश्न "मॅडम, सर नाही आले का?" सर आले असते तर सरांनाही बोनेट कुठून उघडतं हे विचारावं लागलं असतं, पण ते असो.

पहिल्यांदा एसी गेला मे २०२१ मध्ये. गेला म्हणजे एकदम नाही गेला, हळूहळू. आधी मागची पोरं म्हणायला लागली की गरम होतंय, मला पुढे काही वाटेना, मी म्हटलं नाटकं करताय. मग पंधरा दिवसात पुढेपण नुसती हवा. सर्व्हिस सेंटरला नेली, जॉब कार्ड बनलं, संध्याकाळी मेसेज आला गाडी तयार आहे. एसी गॅस टॉपअप, २,६०० रुपये. मी विचारलं गॅस गेला कुठे, तर अ‍ॅडव्हायझर म्हणे "मॅडम चार वर्षं झाली, गॅस कमी होतोच." मला वाटलं असेल बाबा, पेट्रोलसारखं संपत असेल.

२०२२ चा एप्रिल, ये रे माझ्या मागल्या. यावेळी म्हणाले कंडेन्सर लीक आहे, समोरून खडा लागलाय. बिल १३,८०० आणि त्यात "लीक टेस्ट" म्हणून वेगळे ६५० रुपये. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे जी जाळी असते ती, तिला खडा लागू शकतो, पटण्यासारखं होतं. भरले पैसे.

२०२३ ला मात्र कहर. मार्चमध्येच कूलिंग कमी, पुन्हा टॉपअप केलं (ते त्यांनी फुकट केलं, खरं बोलायला पाहिजे), मे महिन्यात एसी लावला की इंजिनातून कर्रर्र असा आवाज, आणि निदान काय तर कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) गेला. ३४,५०० रुपये. कॉम्प्रेसर, ड्रायर, तेल, गॅस, मजुरी, जीएसटी सगळं धरून. बाबा रिटायर्ड अकाउंटंट आहेत, त्यांनी तिन्ही बिलं स्टेपल करून वर पेन्सिलने बेरीज लिहून ठेवली, ५०,९००. काही बोलले नाहीत. नुसती फाईल टेबलावर ठेवून गेले, ते जास्त लागलं.

सर्व्हिस सेंटरबद्दल चांगलं काय तर बसायला एसी लाउंज (हो, तिथला एसी चालतो), कॉफी मशीन, पार्टवर सहा महिन्यांची वॉरंटी लिहून मिळते, गाडी धुवून देतात. वाईट काय तर वॉरंटी पार्टवर असते, गॅसवर नसते. म्हणजे गॅस परत गेला तर परत पैसे. आणि गॅसच तर जात होता!

मग आला २६ मे २०२४, रविवार. नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस) सुरू होऊन दुसरा दिवस. आईंचं शेगावचं दर्शन कधीचं राहिलं होतं, पोरांच्या सुट्ट्या, नवराही आलेला, म्हणून निघालो. इथून शेगाव तीनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे पाचला निघायचं ठरलेलं, निघालो साडेसातला, ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं दोन्ही आहेत त्यांना हे सांगायला नको. कोंढाळीपर्यंत गारेगार. तिवसा गेलं आणि मागून मोठा म्हणाला "मम्मी मागे फुस्स झालं." अमरावती ओलांडेपर्यंत पुढेही फुस्स.

तिथून पुढचा अमरावती-अकोला रस्ता म्हणजे तोच, लोणी ते मूर्तिजापूर ७५ किलोमीटर साडेएकशेपाच तासांत टाकून गिनीजमध्ये गेलेला, जून २०२२ चा. रस्ता मस्त आहे, वाद नाही. पण नव्या डांबराच्या काळ्याभोर रस्त्यावर दुपारी अकराला काचा खाली करून जाणं म्हणजे काय ते मला विचारा. काच उघडी तर लू तोंडावर, काच बंद तर कुकर. अकोल्यात त्याच आठवड्यात उन्हापायी कलम १४४ लावलं होतं, आम्ही त्याच अकोल्यातून निघालेलो, सात माणसांच्या गाडीत सहा माणसं आणि दोन किलो बर्फ. आईंनी टॉवेल ओला करून धाकट्याच्या डोक्यावर ठेवला, दहा मिनिटांत कडक वाळला. खिशात कांदे होतेच सगळ्यांच्या. डॅशबोर्डचा डिस्प्ले मात्र निर्विकारपणे १८ डिग्री दाखवत होता, कारण तो आकडा आपण मागितलेला असतो, मिळालेला नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दर्शन झालं. येताना रात्री निघालो. सोमवारी सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणे "मॅडम घेऊन या, कूलिंग कॉइल असू शकते, डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागेल, एस्टिमेट बघून सांगतो." डॅशबोर्ड उतरवायचा! मी फोन ठेवला. मधे एका दुसऱ्या गॅरेजवाल्यालाही दाखवली, तो म्हणाला मागच्या एसीची लाईन बंद करून डमी मारून देतो, पुढचा एसी मस्त चालेल, पंधराशेत काम. अरे पण मागे माझी सासू आणि पोरं बसतात ना भाऊ, की त्यांनापण डमी मारू? ऑफिसमधल्या एका ड्रायव्हर दादांनी चाचांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तो माणूस गॅस भरत नाही, आधी भांडते." बरोबर निघालं.

३० मे, गुरुवार. तारीख लक्षात राहायचं कारण त्याच दिवशी नागपुरात एका ऑटोमॅटिक स्टेशनने ५६ डिग्री दाखवल्याची बातमी सगळीकडे फिरत होती, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. शेडमध्ये सगळे त्यावरच बोलत होते. मी म्हटलं चाचा, गॅस टॉपअप करून द्या सध्या, शनिवारी लग्न आहे. चाचांनी हातातलं काम पण थांबवलं नाही. म्हणाले, "गाडी गॅस खात नाही ताई. हा बंद पाईप आहे, गॅस फिरून फिरून तिथंच येते. कमी झाला म्हणजे कुठं ना कुठं निघून राह्यला. भोक सापडलं नाही तं मी भरत नाही. भरून पाहिजे असंन तं समोर दोन दुकानं आहेत."

तीन वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदा कोणी ऐकवलं. आम्ही फुटक्या माठात पाणी ओतत होतो आणि दरवर्षी माठवाला बदलायच्या ऐवजी माठाखालचं स्टूल बदलत होतो.

आता त्यांनी काय केलं ते जरा नीट लिहिते, कारण तुम्ही कुठेही गेलात तरी निदान हे बघून घ्या.

आधी तीनही जुनी बिलं वाचली. मग विचारलं, पहिले मागचं गरम होते का पुढचं? मी म्हटलं मागचं, दरवेळी. उभ्या गाडीत गरम आणि चालत्या गाडीत थंड असं होते का? नाही, दोन्हीकडे सारखंच. म्हणाले मग पंख्याचं नाही. (हे लक्षात ठेवा. हायवेला थंड आणि सिग्नलला गरम असेल तर बऱ्याचदा कंडेन्सरचा पंखा बिघडलेला असतो किंवा जाळी मातीने भरलेली असते, तिथे गॅस भरून काही होत नाही.)

मग उरलेला गॅस काढून घेतला मशीनमध्ये, हवेत नाही सोडला. आणि सिस्टीममध्ये नायट्रोजन भरला, दीडशे पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दाबाचं माप). गॅस भरून लीक का नाही शोधत, असं मी विचारलं तर म्हणाले नायट्रोजन स्वस्त, कोरडा, आणि गेला तरी कोणाचं नुकसान नाही. पुढे जी गोष्ट केली ती मला सगळ्यात आवडली. सात सीटरमध्ये कॉम्प्रेसरकडून आलेले पाईप एका ठिकाणी फुटतात, एक जोडी डॅशबोर्डमधल्या कॉइलला, दुसरी गाडीच्या खालून थेट मागे. (सगळ्या गाड्यांत नसतं असं, काहींत मागे नुसता ब्लोअर असतो जो पुढचीच हवा ओढून फेकतो, घेताना विचारून घ्या.) चाचांनी त्या फाट्यावर दोन्ही लाईनी वेगळ्या केल्या, झाकणं बसवली, दोन्हीला वेगवेगळे मीटर लावले आणि म्हणाले उद्या या.

उद्या शुक्रवार. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगतेय. सकाळी दहाला गेले. पुढच्या लाईनचा काटा १४६ वर. मागच्याचा १०८. मी म्हटलं पुढचापण चारने उतरला की! तर म्हणाले रात्री थंडावा आला की काटा थोडा उतरतेच, दुपारी परत चढन. आणि खरंच दुपारी परत चढला, चाचांच्या हाताखालच्या पोराने मीटरचा फोटो पाठवला. मागचा मात्र आणखी खाली.

म्हणजे डॅशबोर्ड उतरवायची गरजच नव्हती. कंडेन्सर आणि कॉम्प्रेसर मिळून अठ्ठेचाळीस हजारांचे पार्ट पुढे बदलले, आणि लीक मागे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शनिवारी सकाळी गाडी रॅम्पवर घेतली. (शनिवारी लग्न होतं, मी लग्नाला ऑटोने गेले, साडी नेसून, विषय संपला.) मागच्या डाव्या चाकाच्या आत, जिथे पाईप जमिनीलगत येऊन वर छताकडे वळतो, तिथे एक क्लॅम्प आहे, आत रबर. त्यावर चिखलाचा हा एवढा थर. पोराने ब्रशने साफ केलं, शेव्हिंगच्या ब्रशने साबणाचा फेस लावला. काही नाही. चाचा म्हणाले क्लॅम्प खोल. क्लॅम्प सोडला, रबर बाजूला केलं, परत फेस लावला. मी खाली वाकून बघत होते, मोबाईलचा टॉर्च धरून. फेसात एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. थांबला. मग वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. परत मोहरी. तीन वर्षं आणि पन्नास हजार रुपये त्या मोहरीतून गेले होते.

मग चाचांनी गोणपाट वर धरायला लावून अंधार केला, पिवळा चष्मा घातला, निळा टॉर्च मारला आणि मला चष्मा दिला. पाईपवर पोपटी हिरवा डाग चकाकत होता, आणि तो डाग क्लॅम्पच्या आतपर्यंत पसरलेला. हा डाय असतो, तेलाबरोबर सिस्टीममध्ये फिरतो आणि जिथून गॅस निघतो तिथे साचतो. हा डाय चाचांनी टाकला नव्हता, आधीच्याच लोकांनी २०२२ ला टाकलेला, बिलावर आहे! म्हणजे डाय टाकला, टॉर्च मारला बोनेटखाली, आणि गाडीखाली जाऊन कोणी बघितलंच नाही. ६५० रुपयांची लीक टेस्ट.

झालं होतं असं की पाईप अ‍ॅल्युमिनियमचा, क्लॅम्पच्या रबरामागे दरवर्षी पावसाळ्यातला चिखल जाऊन बसायचा, ओल धरायची, त्याने पाईप बाहेरून खात खात टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं. एवढंसं भोक असल्यामुळे गॅस भरला की आठ-दहा महिने निघतो, हिवाळ्यात एसी लावत नाही म्हणून कळत नाही, आणि एप्रिल-मे आला की बोंब. आणि गॅसबरोबर थोडं थोडं तेलपण जातं. कॉम्प्रेसरला तेल दुसरीकडून कुठून मिळत नाही, गॅसबरोबर फिरून येतं तेवढंच. दोन वर्षं कमी तेलावर चालला आणि मग घासून गेला. टॉपअप करताना गॅस भरतात, तेल किती गेलं कोण बघतो. चाचांना मी विचारलं मग कंडेन्सर उगाच बदलला का त्यांनी? तर म्हणाले, "असंनही लीक, मी पाह्यला नाही तं कसं सांगू." हा माणूस दुसऱ्याला उगाच शिव्या देत नाही, हे मला बरं वाटलं, माझी मात्र द्यायची पूर्ण तयारी होती.

कंपनीचा अख्खा पाईप ११ हजारांच्या वर आणि यायला बारा दिवस. अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंग होतं पण जागा तीच, परत चिखल, परत ओल. चाचांनी खराब तुकडा कापून तिथे एसीचा रबरी होज दोन्ही टोकांना प्रेस करून दिला, बाहेरून जाड कव्हर, आणि क्लॅम्प चार इंच वर सरकवला जिथे चाकाचा चिखल येत नाही. नव्या ओ-रिंगा, त्यांना बसवण्याआधी तेल लावलं. ड्रायर नवीन टाकला कारण सिस्टीम उघडली की हवेतली ओल आत जाते आणि ड्रायरमध्ये ओल धरून ठेवायची ताकद मर्यादित असते. मागची एक्सपान्शन वॉल्वपण काढून बघितली, ती ठीक होती म्हणून साफ करून तीच लावली. बदलली असती तर मला कळलंही नसतं, बिल वाढलं असतं.

मग व्हॅक्यूम. ही पायरी टॉपअपवाले बरेचदा करतच नाहीत किंवा पाच मिनिटं पंप घुर्रघुर्र करून बंद. चाचांनी पाऊण तास पंप चालवला आणि मग पंप बंद करून अर्धा तास नुसतं काट्याकडे बघायला लावलं. व्हॅक्यूम तेवढा खोल गेला की आतलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होऊन बाहेर निघतं. ते राहिलं तर वॉल्वच्या बारीक तोंडाशी बर्फ होऊन अडकतं, आणि तेलाशी मिळून अ‍ॅसिड बनतं ते वेगळंच. काटा हलला नाही. मग गॅस, आर-१३४ए, सिलिंडर भाजीवाल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून. बोनेटखाली स्टिकर असतो त्यावर किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, आमच्या गाडीला ७५० ग्रॅम, मी तो स्टिकर सात वर्षांत पहिल्यांदा वाचला. जास्त भरला तर जास्त थंड होतं असं मला वाटायचं, उलट आहे, जास्त झाला की प्रेशर चढतं, कूलिंग उतरतं आणि कॉम्प्रेसर कट होतो. तेल मापून टाकलं, लहान मुलांच्या औषधाच्या असतो तसल्या कपाने.

बिल ९,२०० रुपये. होज आणि प्रेसिंग, ड्रायर, ओ-रिंगा, तेल, गॅस, मजुरी. बिल म्हणजे काय, डायरीच्या पानावर बॉलपेनने लिहून दिलं, शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. बाबांनी ते पानही फाईलला लावलं पण तोंड वाकडं करून. ज्यांना ऑफिसला बिल लावायचंय त्यांनी तिथे जाऊ नका. कापलेला पाईपचा तुकडा पेपरात गुंडाळून दिला, न मागता. मी तो सर्व्हिस सेंटरला नेऊन अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर ठेवणार होते, गेले नाही. फ्रिजवर पडलाय.

आता तक्रारी, कारण आहेत.

चार तास म्हणाले, तीन दिवस लागले. त्यात एक रात्र नायट्रोजनची, ती समजू शकते, पण बाकी काय, मधेच एक स्कूल व्हॅनवाला आला आणि माझी गाडी तशीच वर रॅम्पवर टांगून सगळे तिकडे. चाचांचं म्हणणं, तिच्यात अठरा पोरं बसतात. (एवढ्या व्हॅनमध्ये अठरा पोरं का बसतात हा प्रश्न मी विचारला नाही.) फोन उचलत नाहीत. उचलला तर पोरगा उचलतो आणि म्हणतो झालंच. "झालंच" म्हणजे अजून उघडलं नाही असं समजायचं. बसायला कुठल्यातरी गाडीची काढलेली मागची सीट आहे, स्प्रिंग टोचते. बायकांसाठी सोय काहीच नाही, वॉशरूम नाही, पाणी आपलं घेऊन जा. चहा मात्र दर तासाला येतो, नको म्हटलं तरी. पण "सर नाही आले का" हे तीन दिवसांत एकदाही ऐकलं नाही, उलट चाचांनी मला मीटर वाचायला शिकवलं. निळा लो साईडचा, लाल हाय साईडचा. एसी चालू असताना निळा ३०-४० च्या आसपास आणि लाल २००-२५० च्या, आपल्याकडच्या मे महिन्यात लाल आणखी वर जातो, घाबरायचं नाही.

आता वर्षानंतरचा हिशोब. जून ते मार्च काहीच केलं नाही, फक्त त्यांनी सांगितल्याप्रमाणे थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा, म्हणजे तेल फिरत राहतं आणि सील सुकत नाही. मार्चमध्ये गाडी दाखवून आले, मीटर लावला, दोन्ही काटे जिथे होते तिथेच. पैसे घेतले नाहीत. कंडेन्सर पाण्याने धुवून दिला, हलक्या धारेने, प्रेशर वॉशरने मारला की त्याच्या पात्या वाकतात. केबिन फिल्टर काढला तर त्यात कडुनिंबाची फुलं, सुपारीची पाकिटं (आई!) आणि एक क्रेयॉन, तो मी स्वतः बदलला, ग्लोव्ह बॉक्समागे असतो, दहा मिनिटांचं काम आहे, त्याचे कोणी चारशे मजुरी मागत असेल तर देऊ नका.

मे २०२५ मध्ये शिर्डीला गेलो समृद्धीवरून, ५२० किलोमीटर, भर दुपारी. हा रस्ता म्हणजे एसीची खरी परीक्षा, सावलीला झाड नाही, थांबायला जागा कमी, सलग चार-चार तास कॉम्प्रेसर चालू. मी माशांच्या टाकीचा डिजिटल थर्मामीटर घेतलाय, दीडशे रुपयांचा, वायरचं टोक जाळीत खोचायचं. बाहेर ४३, पुढे ९ डिग्री, मागे ११. बाबांनी दर तासाला आकडा वहीत लिहिला. कारंजापाशी मागचा १२ झाला तेव्हा सगळ्या गाडीने श्वास रोखला, मग कळलं धाकट्याने मागची काच बोटभर उघडून ठेवली होती.

कोणाला जायचं असेल तर एप्रिलच्या आधी जा, मे महिन्यात तिथे गल्लीत गाड्यांची लाईन लागते. जुनी बिलं घेऊन जा, ते खरंच वाचतात. आणि "फक्त गॅस भरून द्या" म्हणू नका, अपमान करून घ्याल.

स्टार किती? कामाला पाच, वेळेला दोन, बसायच्या सीटला शून्य. सरासरी काढत बसत नाही.

एक काम अजून राहिलंय. मागचा ब्लोअर फक्त फुल स्पीडवर चालतो, एक-दोन-तीन नंबरवर काहीच नाही, रेझिस्टर गेलाय म्हणाले, चारशे-पाचशेचा पार्ट आहे, मागवतो म्हणाले. मागवून चार महिने झाले. पोरगा म्हणतो झालंच. तोपर्यंत मागचा एसी एकतर फुल नाहीतर बंद, आणि आई भर मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळून बसतात.